स्मरण आणि साठवण

ज्ञान जवळ असणे आणि ज्ञानाचे स्मरण असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. हा भेद एके काळी विद्वानांच्या वादाचा विषय होता; भ्रमणध्वनी हाती आल्यापासून तो घरोघरचा अनुभव झाला आहे. पूर्वी ज्यांच्या घरी दूरध्वनी असे त्यांना आप्तांचे, शेजाऱ्यांचे, दुकानदाराचे आठ-दहा क्रमांक सहज मुखोद्गत असत. ते कोणी पाठ केलेले नव्हते. तबकडी फिरविता फिरविता ते मनात बसत. आज शेकडो क्रमांक यंत्रात असतात, आणि यंत्र हरवले तर पोटच्या मुलाचाही क्रमांक पुष्कळांस सांगता येत नाही.

क्रमांक विसरल्याने फारसे बिघडत नाही. परंतु हीच रीत निरूपणास लागली म्हणजे प्रश्न निराळा होतो. सभेत श्रोते यंत्र पुढे ठेवतात, ध्वनिमुद्रण करून घेतात आणि निरूपण मिळाले या समाधानाने उठतात. मिळाले ते नेमके काय?

अमेरिकेत बेट्सी स्पॅरो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०११ साली याविषयी काही प्रयोग प्रसिद्ध केले. शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूहून मोठा असतो, अशा प्रकारची वाक्ये लोकांकडून संगणकावर लिहून घेतली. निम्म्यांस सांगितले की, हे साठविले जाईल. निम्म्यांस, की पुसले जाईल. पुसले जाणार असे मानणाऱ्यांस वाक्ये अधिक आठवली. लक्षात ठेवा, असे सांगितल्याने विशेष फरक पडला नाही. याच निबंधातील दुसरा एक प्रयोग इतर संशोधकांनी पुन्हा केला तेव्हा तो टिकला नाही, हे २०१८ साली प्रसिद्ध झाले. म्हणून एवढ्यावरच सिद्धांत उभारणे साहसाचे ठरेल.

लिंडा हेन्केल यांचा २०१४ सालचा प्रयोग साधकास अधिक विचारणीय आहे. संग्रहालयात विद्यार्थ्यांस नेऊन काही वस्तू नुसत्या पाहावयास व काहींची छायाचित्रे घ्यावयास सांगितले. दुसऱ्या दिवशी छायाचित्रे घेतलेल्या वस्तू कमी आठवल्या. मात्र ज्यांनी वस्तूच्या एखाद्या भागावर यंत्राची दृष्टी जवळून रोखली, त्यांची आठवण उणावली नाही. न टिपलेला भागही त्यांस आठवला. यंत्र दोन्हीकडे तेच होते. फरक अवधानाचा होता. यंत्राने पाहिले, आता आपण पाहण्याचे कारण नाही, असे मनाने ठरविले की तेथेच हानी होते.

येथे शंका येते की, मग ग्रंथलेखनासही हा दोष लागत नाही काय? म्हाइंभटांनी लीळा लिहिल्या नसत्या तर त्या आज कोणास कळत्या? पोथी हीदेखील साठवणच आहे. शंका योग्य आहे, आणि पोथीस वंदन करून ध्वनिमुद्रणास तेवढा दोष देणे न्यायाचे होणार नाही. परंतु क्रम पाहावा. असन्निधानी नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांचे स्मरण हा त्या शिष्यांचा नित्य आचार होता. ज्यांच्यापाशी लीळा स्मरणात होत्या, त्यांना गाठून, पुसून, म्हाइंभटांनी त्या लिहिल्या. लेखन स्मरणाच्या मागून आले, त्याच्या जागी नव्हे. परंपरा सांगते की, पुढे परचक्रात मूळ पोथी हरवली, आणि ज्यांस लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या आठवणीतून ती पुन्हा सिद्ध झाली. त्यांत हिराइसेचे नाव आदराने घेतले जाते. आठवणींत जेथे भेद पडला तेथे तो सांगणाऱ्याच्या नावानिशी ग्रंथात ठेवला गेला. त्या पाठभेदांवर कंटाळणारे अभ्यासक आहेत; पण प्रत्येक पाठभेदामागे ती लीळा आपल्या मनात वर्षानुवर्षे घोळविणारा एक जीव आहे. उद्या यंत्रांतील सारी ध्वनिमुद्रणे नष्ट झाली, तर श्रोत्यांच्या आठवणीतून किती निरूपण परत उभे राहील?

ध्वनिमुद्रण सर्वस्वी त्याज्य आहे, असे यावरून ठरत नाही. दृष्टी अधू झालेल्या वृद्ध वासनिकास, किंवा आश्रमापासून दूर नोकरीनिमित्त राहणाऱ्यास तो मोठाच आधार असतो. अशी माणसे तेच निरूपण इतक्या वेळा ऐकतात की, शब्द आधी त्यांच्या ओठांवर येतो आणि यंत्र मागून बोलते.