उंच गेले ते कोणी नेले?

वाचकहो, कर्माचे श्रेय कोणाचे, हा प्रश्न आपण कीर्तनात शेकडो वेळा ऐकला आहे. आज तो एका खेळण्याच्या निमित्ताने मांडतो. कोणी म्हणेल, महाराजांना म्हातारपणी विमानाचा नाद कुठून लागला? नाद लागला नाही, विचार लागला.

हे विमान इंजिनाचे नव्हे. हलक्या फोमचे, लांब पंखांचे. आत एक लहानशी बॅटरी, पण ती शेपटीची पाती हलवण्यापुरतीच. उडवणारा टेकडीच्या कडेला वाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो, विमान हाताने सोडतो आणि रेडिओच्या दांड्यांनी त्याला वळवतो. वारा चांगला असला तर ते अर्धा अर्धा तास खाली उतरत नाही. कारण असे की मैदानावरून आलेला वारा टेकडीला अडतो आणि पुढे वाट नाही म्हणून उतारावरून वर चढतो. विमान हवेच्या मानाने सारखे खालीच येत असते, पण ती हवाच त्याहून वेगाने वर जात असते. वैनगंगेच्या पुरात एखादा प्रवाहाविरुद्ध हात मारतो आणि तरी खालच्या घाटाला जाऊन लागतो, तसेच हे. फक्त येथे प्रवाह वर नेणारा आहे.

विमानविद्येचा आरंभही या उतारावरच झाला. जर्मनीच्या ओटो लिलिएंथालने १८९४ साली बर्लिनजवळ मातीची टेकडी मुद्दाम उभारली आणि तिच्यावरून उड्या घेतल्या. अमेरिकेच्या ऑर्व्हिल राइटने २४ ऑक्टोबर १९११ रोजी वाळूच्या टेकडीवर, इंजिनाशिवाय, नऊ मिनिटे पंचेचाळीस सेकंद स्वतःला अधांतरी राखले.

जिवतीकडे एका सप्त्याला गेलो असता यजमानांचा नातू हे शिकताना पाहिला. शिकणाऱ्याची पहिली चूक सगळीकडे एकच. विमान वर जावे म्हणून तो नाक वर ओढतो. नाक वर केले की वेग जातो, वेग गेला की पंखांचा आधार सुटतो, आणि ते दगडासारखे खाली येते. उलट, नाक जरा खाली ठेवून वेग राखला तर वारा त्याला आपण होऊन वर नेतो. दुसरी गोष्ट, वळण नेहमी वाऱ्याकडे घ्यायचे, टेकडीकडे नाही. कारण टेकडीच्या पाठीमागे तोच वारा भोवरे घेत खाली कोसळतो. शिवाय विमान आपल्याकडे येऊ लागले की डावे-उजवे उलटे भासते. तेव्हा जो पंख झुकला असेल त्याच बाजूला दांडी लोटायची, म्हणजे तो सावरतो.

पोरगा सकाळभर उडवत होता. विमान उंच गेलं की ओरडायचा, "महाराज, पाहा कुठं नेलं मी!" मग एकदा त्याने ते मागच्या अंगाला वळवले, आणि ते सागाच्या शेंड्यावर जाऊन आदळले. तेव्हा म्हणाला, "वाऱ्यानं पाडलं." त्याला मी काही बोललो नाही, पण माझा प्रश्न तेथेच उभा राहिला. वर गेले ते मी नेले, पडले ते वाऱ्याने पाडले. हा न्याय कुठला?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. भाष्यकार अधिष्ठान म्हणजे देह घेतात. येथे मी टेकडी घेतली तर शास्त्रीबुवांनी रागावू नये. कर्ता तो मुलगा, करण ते विमान, चेष्टा म्हणजे दांडीवरची बोटे, आणि दैव तो वारा. पाचांत चार असतील आणि एक नसेल, तर उड्डाण नाही. मग श्रेयाचे वाटेकरी पाच, आणि दोषाचा वाटेकरी एकटा वारा, हे हिशेबात बसत नाही. कधी खरोखरच वारा पाडतो हेही खरे. लिलिएंथालने सुमारे २००० उड्डाणे केली होती, तरी ९ ऑगस्ट १८९६ रोजी वाऱ्याच्या झोताने त्याच्या यानाचे नाक वर गेले, ते कोसळले, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. म्हणून दोष ठरवण्याआधी पाचही पाहावे लागतात.

आपला झाडीपट्टीतला धानकरी या बाबतीत पंडितांपेक्षा शहाणा. धान पिकले तर म्हणतो, पाऊस बरा झाला. नाही पिकले तर आधी बांधीचा धुरा कुठे फुटला ते पाहायला जातो. आम्हा कीर्तनकारांत मात्र रंग भरला तर आमची वाणी, नाही भरला तर श्रोते अरसिक!

हे खेळण्यापुरतेच असते तर लिहिले नसते. याच आपल्या आकाशात टेकडीच्या वाऱ्यावर पंख न हलवता तासन्‌तास फिरणारी गिधाडे होती. ती विरळ झाली तेव्हा लोक म्हणाले, काळ आला. काळ नव्हता. गुरांच्या दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक नावाचे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. देणाऱ्याच्या मनात गुरावरची दयाच होती. टेकडी तीच, वारा तोच, पंख तेच. बिघडली ती माणसाची चेष्टा. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली.

२०२४ च्या जानेवारीत हरियाणातील पिंजोरच्या केंद्रातून पांढऱ्या पाठीची दहा गिधाडे ताडोबाच्या जंगलात आणली. पिंजऱ्यात वाढलेल्या त्या पाखरांना वारा कोणी शिकवावा? आणणाऱ्यांच्या हाती रेडिओची दांडी नव्हती. वारा, उतार आणि पंख यांचे ती आपसांत ठरवतील. त्यांना खाली सापडेल ते मेलेले जनावर बिनविषारी असावे, एवढेच माणसाच्या वाट्याचे, आणि ते गोठ्यागोठ्यातले काम आहे.