निनावी बटन

दिवाळी आली की आपल्या सर्वांच्याच लेखणीला प्रकाशाचे भरते येते. ज्ञान म्हणजे उजेड, अज्ञान म्हणजे अंधार, हे समीकरण आपण इतक्या सहजपणे मांडतो की, ज्यांना डोळ्यांनी उजेड कधी भेटलाच नाही त्यांनी ह्या शुभेच्छा कोणत्या मनाने ऐकाव्यात, हा प्रश्नही आपल्याला पडत नाही. म्हणी पाहाव्यात तर त्याहून कठीण अवस्था. आंधळा मागतो एक डोळा. आंधळ्याच्या गाई देव राखतो. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते. पहिलीत तो याचक, दुसरीत देवाच्या हवाली केलेला, तिसरीत फसलेला. पण ह्या तिसऱ्या म्हणीपाशी जरा थांबावे. तीत दळण्यात खोट होती असे कोणी म्हटलेले नाही. पीठ चांगलेच पडले असले पाहिजे. एरवी कुत्र्याने ते कशाला खाल्ले असते? उणीव एवढीच की, कुत्रे आल्याचे दळणाऱ्याला कळावे अशी सोय त्या घरात कोणी केली नव्हती. मग दोष दळणाऱ्याचा की घराचा? हा प्रश्न मी एका अगदी किरकोळ आणि आता जवळजवळ कालबाह्य झालेल्या कामाच्या निमित्ताने मांडणार आहे. ते काम म्हणजे संगणकावर सीडी तयार करणे.

तरुण वाचकांना सीडी आता माळ्यावरच्या खोक्यातच भेटेल. १९८२ साली ती बाजारात आली, आणि पुढे घरच्या संगणकावर लिहिता येईल अशी कोरी सीडीही मिळू लागली. १२ सेंटिमीटर व्यासाची ही चकती. तिच्या पोटात रंगद्रव्याचा एक पातळ थर. लेझरचा किरण त्या थराला ठिकठिकाणी चटका देत जातो, आणि डागलेल्या व न डागलेल्या जागांच्या ओळीतून गाणे साठते. ग्रामोफोनच्या तबकडीची रेघ बाहेरून आत जाते. हिची आतून बाहेर येते, आणि दोन वळणांतले अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम दीडपट. चटके द्यावयाचे म्हणून ह्या लिहिण्याला इंग्रजांनी ‘जाळणे’ म्हटले, आणि आपणही ‘सीडी बर्न केली’ म्हणू लागलो. जतन करण्यासाठी जाळावयाचे, हा अर्थ आपल्या भाषेला नवाच. साध्या कोऱ्या सीडीवर एकदा उमटलेला डाग मात्र पुसता येत नाही. बटन दाबले की दाबले.

आता गंमत पाहा. हा किरण ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे तांबड्याच्याही पलीकडचा. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही म्हटले तरी चालेल. डाग तर इतके सूक्ष्म की, ते एकेक करून पाहावयाचे म्हटले तर नुसत्या डोळ्याचे काम नव्हे. शिवाय सारा कारभार बंद डब्यात. बाहेर बसलेल्या डोळस माणसाला पडद्यावर एक पट्टी सरकताना दिसते, तेवढेच. म्हणजे तोही काम पाहत नसतो, कामाची बातमी पाहत असतो. सीडीपुढे आपण सगळेच धृतराष्ट्र आहोत. मग ती बातमी डोळ्यांनी घेतली काय आणि कानांनी घेतली काय?

कानांनी बातमी देणाऱ्या प्रोग्रामला ‘स्क्रीन रीडर’ म्हणतात. टेड हेंटर नावाचे अमेरिकन गृहस्थ मोटारसायकलच्या शर्यतींत भाग घेत. १९७८ साली मोटारीच्या अपघातात त्यांची दृष्टी गेली. त्यांनी १९८७ साली सुरू केलेल्या कंपनीतून ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर निघाला. तो उत्तम, पण त्याची किंमत आपल्याकडच्या पगारदारालाही जड. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन ह्या अंध तरुणाने ‘एनव्हीडीए’ लिहावयास घेतला. जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला, आणि दोघांनी ते काम जगाला फुकट देऊन टाकले. आज तो मराठीही वाचतो. उच्चार थोडे परकी वाटतात, पण कळतात.

ह्याला आधुनिक संजय म्हणण्याचा मोह कोणालाही होईल. मात्र ह्या संजयाला दिव्यदृष्टी नाही. तो चित्र पाहत नाही. पडद्यावरच्या प्रत्येक वस्तूला तो विचारतो: तुझे नाव काय, तू कोण, सध्या कोणत्या स्थितीत आहेस? उत्तर मिळेल तेच तो बोलतो. प्रोग्राम करणाराने बटनावर चकतीचे सुरेख चित्र काढले आणि नाव द्यावयाचे राहून गेले, की तो बापडा म्हणतो, ‘बटन’. त्याच्या शेजारचेही ‘बटन’. पलीकडचेही ‘बटन’. कुरुक्षेत्रावर एकाही रथाला ध्वज नसता तर खुद्द संजयानेही दुसरे काय सांगितले असते? अलीकडे चित्रावरून अंदाजाने नाव सांगणारी यंत्रे निघाली आहेत. ती चांगलीच आहेत. पण जे पुसता येत नाही ते अंदाजावर सोपवण्यास कोणाचाही हात कचरेल.

माझे एक स्नेही जन्मांध आहेत. हार्मोनियम शिकवून त्यांनी संसार केला. २०१० च्या सुमारास आपल्या आईच्या ओव्यांची एक जुनी कॅसेट सीडीवर घ्यावी आणि भावंडांना दिवाळीत एकेक प्रत द्यावी, असे त्यांच्या मनात आले. आई जाऊन बरीच वर्षे झाली होती, आणि फीत घासत चालली होती. पुतण्या म्हणाला, ‘काका, द्या इकडे. दहा मिनिटांचं तर काम.’ काकांनी दिली नाही. घरात हा हट्ट ठरला. मी कारण विचारले तेव्हा ते हसले. कॅसेटमध्ये दोन ओव्यांच्या मधल्या विसाव्यात आई बोलली होती. थोरल्या सुनेविषयी बोलली होती, आणि सासवा बोलतात तसेच बोलली होती. थोरली सून म्हणजे ह्या पुतण्याची आई.

त्यांनी टेपरेकॉर्डर संगणकाला जोडून आवाज उतरवून घेतला. नको ती वाक्ये कापली, आणि ती अशी कापली की सांधा कोठे आहे हे मला अजून सापडलेले नाही. डोळसांनी येथे त्यांच्याशी स्पर्धा करू नये. त्यांना दोन प्रकारच्या सीड्या हव्या होत्या: भावंडांसाठी निवडलेली, आणि स्वतःसाठी आईच्या बोलण्यासकट पूर्ण. सीडी करण्याचा जो प्रोग्राम त्यांच्या संगणकावर होता, त्यात चौदा बटने होती, आणि चौदाही निनावी. ते टॅबची कळ मोजून दाबत: सातवे बटन यादी रिकामी करते, अकरावे सुरुवात करते. हे कळेपर्यंत चार कोऱ्या सीड्या फुकट गेल्या. तयार झालेली प्रत्येक सीडी त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. सांधे नीट जुळले आहेत ना, हे ताडून पाहण्याचा दुसरा मार्ग डोळसालाही नाही. मग पूर्ण सीडीच्या डबीत ब्रेलमध्ये टोचलेली एक चिठ्ठी ठेवली. दोन्ही चकत्या सारख्याच चकाकत होत्या. चिठ्ठीवाचून त्यांतली कोणती कोणती, हे मला काही सांगता आले नसते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. माणूस माणसावर अवलंबून असतो, ह्यात लाज कसली? आपण न्हाव्यावर, दूधवाल्यावर, डॉक्टरांवर अवलंबून नसतो का? पुतण्याने प्रेमाने पुढे केलेला हात झिडकारून यंत्राच्या पायऱ्या चढणे हा निव्वळ अहंकार नव्हे काय? स्वावलंबनाचे आपल्याकडे फार स्तोम माजले आहे हे मला मान्य आहे. माझे स्नेही तरी कोठे स्वावलंबी होते? ऑस्ट्रेलियातल्या दोघांवर, वीजमंडळावर, कोरी सीडी विकणाऱ्या दुकानदारावर ते अवलंबून होतेच. परंतु त्यांपैकी एकानेही त्यांना ‘कॅसेटमध्ये काय आहे?’ असे विचारले नाही. व्यवहारातले अवलंबन आपली गुपिते आपल्यापाशी राहू देते. उपकारातल्या अवलंबनाला ती उघडी करावी लागतात, आणि वर कृतज्ञही राहावे लागते. पत्र वाचून घ्यावयाचे असो, बँकेतली शिल्लक पाहावयाची असो, ज्याला प्रत्येक वेळी कोणाचा तरी डोळा मागून घ्यावा लागतो, त्याच्या आयुष्यात खाजगी असे फारसे उरत नाही. सासूच्या चार वाक्यांवरून सुनेचा जीव दुखवू नये, एवढी साधी सज्जनता पाळावयाची तर त्यासाठीही स्वतःच्या हाताने काम करता यावे लागते. चांगले वागण्याची संधी चौदा बटनांत अडकून पडावी, हे मला फार गैर वाटते.

ते बटन निनावी ठेवणारा दुष्ट होता काय? मुळीच नाही. तो विसरला. विसरणे हा अपराध आहे का, ह्यावर नीतिशास्त्रात पुष्कळ काथ्याकूट करता येईल. घरी विसरलेला निरोप क्षम्य असतो. पण अनोळखी लोकांसाठी वस्तू करणाराचा धंदाच मुळी त्या अनोळखी लोकांना आठवण्याचा आहे. गवंडी जिना बांधतो तेव्हा सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या करतो. रात्री दिवे गेले म्हणजे आपण पायांच्या भरवशावर त्याच जिन्याने खाली येतो, आणि त्या वेळी गवंड्याने आपल्यावर दया केली असे कोणी म्हणत नाही. एक पायरी दोन बोटे उंच राहिली तर मात्र आपण त्याच्या नावाने खडे फोडतो. ‘तो विसरला बिचारा’ असे म्हणत नाही. बटनाला नाव देणे हे पायरी सारखी करण्याइतकेच आहे. एक ओळ लिहावी लागते.

२०११ च्या जनगणनेत पाहण्याच्या बाबतीत अपंगत्व असलेल्यांची संख्या ५० लाखांवर भरली होती. २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, डिजिटल सोयींपर्यंत पोचता येणे हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगितले. म्हणजे जे आजवर सौजन्य समजले जात होते, ते आता देणे ठरले. देणे ठरल्याने ते वसूल होतेच असे नाही, हे कोणताही सावकार सांगेल; तरी ज्याचे येणे आहे त्याला मान खाली घालून मागावे लागत नाही, हाही थोडा फरक नव्हे.

माझ्या स्नेह्यांनी तेव्हा भांडण केले नाही. त्यांनी प्रोग्राम करणारांना एक पत्र लिहिले: पहिल्या बटनापासून चौदाव्यापर्यंत, कोणते काय करते आणि त्याला काय म्हणावे ह्याची यादी, खाली नमस्कार. उत्तर आले नाही. वर्षाने त्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली, तीत अकरा बटनांना नावे होती. राहिलेली तीन कोणती ते त्यांना पाठच होते.