मोजण्याजोगा पाऊस

अमेरिकेतल्या हवामानाच्या बातम्यांत 'मेझरेबल' हे विशेषण वरचेवर भेटतं. अमुक शहरात इतके आठवडे मेझरेबल पाऊस नाही, असं निवेदक सांगतो. कोशात बघाल तर अर्थ सरळ आहे, मोजता येईल असा. हवामान खात्याने मात्र त्याला आकडा चिकटवला आहे. इंचाचा शंभरावा भाग, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर, पडला तरच पाऊस मोजण्याजोगा. त्याहून कमी पडला तर वहीत आकडा न घालता नुसता 'टी' लिहितात. टी म्हणजे ट्रेस, पावसाची नुसती खूण. महिनाभर रोज अशी भुरभुर झाली तरी महिनाअखेरच्या बेरजेत पुन्हा टीच येतो. शून्य नाही, आणि शून्याच्या पुढेही नाही! गणितात न बसणारी ही बेरीज मला फार प्रामाणिक वाटते. पाऊस पडला हे ती नाकारत नाही, पण हाती न लागलेलं पाणी आकड्यात घालण्याचा खोटेपणाही करत नाही. (कचेऱ्यांतल्या वार्षिक आढाव्यात 'मेझरेबल' उद्दिष्टं मागणाऱ्यांनी असा एखादा टी ठेवायला हरकत नव्हती.)

आपल्या हवामान विभागाची रेघ वेगळी. चोवीस तासांत अडीच मिलिमीटर पडला तर तो 'पावसाचा दिवस'. दोन मिलिमीटरला छत्री उघडावी लागते, अंगणातल्या वाळवणाचं वाटोळं होतं, पण त्या मोजणीत तो दिवस येत नाही. इथवर कुणाचं फारसं बिघडत नाही. रेघेला पैसे जोडले गेले की मात्र गोष्ट बदलते. महाराष्ट्रात महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी. पुढे पंचनामे होतात, नुकसान ३३ टक्क्यांवर असेल तर मदत. मंडळात गावं अनेक, आणि पर्जन्यमापक बहुधा एकाच ठिकाणी. ढग आपल्या शिवारावर फुटला आणि मापक कोरड्या गावात असला तर काय? पाऊस असा गाव बघून पडतो हे मुंबईने २६ जुलै २००५ ला पाहिलं. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला जेमतेम ७३.

त्यात घड्याळही आहे. पावसाचा दिवस मध्यरात्री नव्हे, सकाळी साडेआठला संपतो. पहाटे पाचला लागलेली झड दुपारपर्यंत चालली, तर ऐंशी मिलिमीटरचे चाळीस आज आणि चाळीस उद्या असे दोन तुकडे पडू शकतात. बांध वाहून गेलेला असतो एकाच पावसात. कागदावर मात्र दोन मध्यम पाऊस. यात कुणी लबाडी करतं असं नाही. दिवस कुठेतरी संपवावाच लागतो, आणि प्रत्येक बांधावर मापक बसवणं सरकारला परवडणारं नाही. पण मापाची ही मर्यादा तहसीलच्या वहीतून बाहेर पडताना पावसाची मर्यादा बनते आणि 'तुमच्याकडे अतिवृष्टी झालीच नाही' हे वाक्य तयार होतं. माझा आक्षेप एवढ्याच एका पायरीला आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाऊस मोजायला कोठारापाशी ठेवायचं भांडं सांगितलं आहे, आणि प्रदेशवार मापंही दिली आहेत. कोरड्या जांगल प्रदेशाला सोळा द्रोण, अवंतीला तेवीस. अपरांतापाशी, म्हणजे आपल्या कोकणपट्टीपाशी, आल्यावर मात्र तो आकडा सोडून देतो आणि लिहितो, अमित. अमेरिकन वहीतला टी खालच्या टोकाचा, हा अमित वरच्या टोकाचा. कोकणच्या पावसापुढे इतक्या काटेकोर माणसाने हात टेकावेत, याचं कोकणी माणसाला नवल वाटणार नाही. कोठाराचा हिशेब ठेवणाऱ्याला एवढं पुरेसंही होतं. जिथे पाणी कमी पडण्याची भीतीच नाही, तिथे द्रोण मोजून करायचं काय?

पेरणीच्या वेळी कृषी विभाग बजावतो की ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नका. सल्ला चांगलाच आहे, घाईने दुबार पेरणी ओढवलेल्यांना त्याची किंमत ठाऊक आहे. पण रानात उतरलेला माणूस मिलिमीटर बघत नाही. तो माती उकरतो आणि ओल किती बोटं खाली गेली ते बघतो. हेही मापच, फक्त आभाळातून काय आलं याचं नव्हे, जमिनीने काय ठेवून घेतलं याचं. एकाच पावसात काळं रान चिकटून बसतं, पाय टाकू देत नाही, आणि शेजारच्या मुरमाड माळावर वाफसा आधी येऊन तिफण चालू झालेली असते.