कोळशांच्या विस्तवापाशी

शास्त्रवाचन : योहान 18:15-18, योहान 21:9-17

प्रियांनो, प्रभू उठला आहे! काल पहाटेच्या उपासनेत ही घोषणा मीही सगळ्यांबरोबर मोठ्याने केली. पण खरं सांगू? घशात काहीतरी अडकलं होतं.

गेल्या वर्षी उत्तम शुक्रवारी उपासना संपल्यावर आम्ही चार-पाच जण चौकातल्या टपरीवर चहा घेत उभे होतो. समोरून माझा धाकटा भाऊ आला. प्यायलेला होता. मंडळीत नव्याने आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "तुमच्या ओळखीचा आहे का?" मी म्हणालो, "नाही हो." भावाला ऐकू जाईल इतक्याच अंतरावर तो होता. काही बोलला नाही, तसाच पुढे गेला. आणि तासाभरापूर्वीच मी पेत्राच्या नाकाराचा उतारा मंडळीपुढे वाचला होता!

त्यानंतर वर्षभर मी त्याच्या हाती पैसे पाठवले, आईजवळ निरोप ठेवले, पण समोर गेलो नाही. त्या टपरीवरही गेलो नाही.

पुनरुत्थान म्हणजे नवी सुरुवात, असं आपण म्हणतो. मग झालं गेलं विसरून पुढे जाणं, हेच नवं होणं आहे का?

योहानाचं शुभवर्तमान वाचताना एक गोष्ट लक्षात येते. पेत्राने प्रभूला नाकारलं तेव्हा तो कोळशांच्या विस्तवापाशी शेकत उभा होता. पुढे तिबिर्य समुद्राच्या किनाऱ्यावर उठलेल्या प्रभूने न्याहारी तयार ठेवली, तीही कोळशांच्याच विस्तवावर. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे 'अँथ्राकिया' हाच शब्द आहे, आणि नव्या करारात तो या दोनच ठिकाणी येतो. त्या धुराच्या वासाने पेत्राला ती रात्र आठवली नसेल का?

प्रभूने ती रात्र पुसून टाकली नाही. त्याने पेत्राला पुन्हा तिथेच आणलं. पण आधी भाकर आणि मासळी दिली, मग प्रश्न विचारला. "असं का केलंस?" हा प्रश्न त्याने विचारला नाही. त्यावर पेत्राजवळ सबबीच निघाल्या असत्या. प्रभूने प्रीतीविषयी विचारलं, तेही तीनदा. तिसऱ्यांदा पेत्राला दुःख झालं, असं शास्त्र सांगतं. म्हणजे क्षमेलाही वेदना आहे. आणि त्या वेदनेतच प्रभूने आपली मेंढरं त्याच्या हाती सोपवली.

विसरल्याने माणूस नवा होत नाही. जिथे मोडला, तिथेच प्रभूबरोबर पुन्हा उभा राहिला की नवा होतो. उठलेल्या प्रभूच्या हातांवरही खिळ्यांचे व्रण होतेच ना!

काल उपासनेनंतर मी भावाला फोन करून त्याच टपरीवर बोलावलं. अर्ध्या तासाने आला. म्हणाला, "इथंच का बोलावलंस?"

"इथंच तुला नाकारलं होतं म्हणून."

तो गप्प राहिला. चहा आला तेव्हा मी टपरीवाल्याला मुद्दाम सांगितलं, "हा माझा भाऊ." भाऊ कपाकडे बघत म्हणाला, "दादा, त्याला ठाऊक आहे. सगळ्यांनाच ठाऊक आहे."

त्याने मला क्षमा केली का, मला माहीत नाही. त्याचं पिणंही सुटलेलं नाही. पण जाताना म्हणाला, "पुढच्या रविवारी चहा मी पाजतो."

प्रियांनो, तुमचा कोळशांचा विस्तव कुठे आहे? कुठली गल्ली, कुठलं दार तुम्ही टाळत आहात? घाबरू नका. प्रभू तुमच्याआधी तिथे पोहोचला आहे, आणि त्याने न्याहारी तयार ठेवली आहे.

प्रार्थना : हे उठलेल्या प्रभू, ज्या जागेची मला लाज वाटते, तिथे मला परत ने. तुझ्यावर प्रीती करतो असं मी म्हणतो. तू माझ्या हाती दिलेल्या माणसाला मी पुन्हा परकं म्हणू नये, एवढं कर. आमेन.