ताकावरची निवळ

‘तिंडी आयता?’

म्हैसूरमध्ये सकाळी कुणीही भेटलं की हेच विचारतं. न्याहारी झाली का? उत्तर ऐकायला सहसा कुणी थांबत नाही. पण २०२० च्या ऑगस्टअखेरीस, गणपतीच्या दिवसांत, रक्तपेढीतल्या सिस्टरनं ते विचारलं तेव्हा तिला खरंच उत्तर हवं होतं. उपाशीपोटी प्लाझ्मा घेत नाहीत. सेट डोसा खाऊन आलोय म्हटल्यावर तिनं दंडाला पट्टा आवळला.

जुलैत मला आणि बायकोला, दोघांनाही कोरोना होऊन गेला होता. तेव्हा शेजारी आमच्या दारावरून जाताना श्वास रोखून जात. मार्चमध्ये नंजनगुडच्या औषध कारखान्यातल्या कामगारांत साथ पसरली, तेव्हा त्या गावाचं नाव काढलं तरी लोक बिचकायचे. त्या बिचकणाऱ्यांत मीही होतो. आता बरं झालेल्यांच्या रक्तातल्या प्लाझ्माला, त्यानं आजारी माणसं बरी होतील या आशेनं, मागणी आली होती. कर्नाटक सरकारनं प्लाझ्मा देणाऱ्याला पाच हजार रुपये जाहीर केले होते. ते घ्यावेत की नाही, यावर आमच्या घरी जेवढी चर्चा झाली तेवढी आजारावरही झाली नव्हती.

बायकोलाही प्लाझ्मा द्यायचा होता. तिला एकच प्रश्न विचारला, मुलं आहेत का? दोन आहेत म्हटल्यावर नकार मिळाला. गर्भारपणात बाळाच्या पेशींविरुद्ध आईच्या रक्तात काही अँटिबॉडीज तयार होऊ शकतात आणि त्या घेणाऱ्याच्या फुफ्फुसांना बाधू शकतात, असं डॉक्टरांनी समजावलं. ‘आईपण इथेही आडवं आलं,’ म्हणून ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

यंत्र माझं रक्त ओढून घेई, आत गरगरवून पाणी वेगळं काढी आणि तांबड्या पेशी परत माझ्यात सोडी. ओठांना मुंग्या आल्या. रक्त गोठू नये म्हणून मिसळलेल्या सायट्रेटमुळे येतात, त्यावर कॅल्शियमची गोळी. तासाभरात पिशवी भरली. ठेवलेल्या ताकावर निवळ येते ना, तसला फिका पिवळा रंग. माझा गट एबी. रक्ताच्या बाबतीत आम्ही कुणाचंही घेणारे म्हणून प्रसिद्ध, पण प्लाझ्माचा हिशेब उलटा. एबीचा प्लाझ्मा कुणालाही चालतो. आजवर घेणाऱ्यांच्या रांगेत होतो, त्या दिवशी देणाऱ्यांच्या पंगतीत पहिलं पान मिळालं. थोडा फुशारलोच.

दोन आठवड्यांत बातमी आली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर अभ्यास केला होता. प्लाझ्मा मिळालेल्या २३५ जणांपैकी ३४ दगावले, न मिळालेल्या २२९ पैकी ३१. म्हणजे फरक नाही. पुढे ब्रिटनमधल्या कितीतरी मोठ्या चाचणीतूनही हेच उत्तर आलं आणि १७ मे २०२१ रोजी आपल्याकडच्या उपचारसूचनांतून प्लाझ्मा वगळला गेला.

मला राग आला, कुणाचा ते कळेना. मराठीत औषध लागू पडतं आणि पैसा, वेळ, आयुष्य कारणी लागतं. ही दोन क्रियापदं वेगळी आहेत, यावर मी तेव्हा बराच वेळ टेकून राहिलो. प्लाझ्मा लागू पडला नाही, पण ‘पडत नाही’ एवढं कळायलासुद्धा कुणाचा तरी प्लाझ्मा लागला. त्या २३५ जणांना दोनशे-दोनशे मिलिलिटरच्या दोन मात्रा दिल्या, त्या दंडांतूनच आलेल्या. ते दान कारणी लागलं यात मला शंका नाही. अडचण माझ्या पिशवीची होती. अभ्यासातली भरती जुलैतच संपली होती. माझी पिशवी उपायातही नाही आणि पुराव्यातही नाही. ती कुणाच्या तरी खाटेपाशी टांगली गेली असेल. त्या घरच्यांना रात्रभर काहीतरी चाललंय असं वाटलं असेल. याला काय म्हणायचं, ते क्रियापद मला अजून सापडलेलं नाही.

परवा सकाळी कुक्करहळ्ळीच्या तळ्याला फेरी मारताना बायकोला थॉमस हिकीच्या तैलचित्राची गोष्ट सांगत होतो. १८०५ च्या सुमाराचं चित्र, म्हैसूरच्या तीन राजस्त्रियांचं. त्यातली एक दंडाकडे हात नेते, ती देवीची लस घेतल्याची खूण, असा इतिहासकार नायजेल चान्सेलर यांचा तर्क आहे. त्या काळी लस कुपीत टिकत नसे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अॅना डस्थॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली. तिच्या फोडातली लस पाच मुलांना दिली, त्यांच्याकडून पुढच्यांना. अशी दंडादंडांवरून ती देशभर गेली आणि म्हैसूरच्या दरबारापर्यंत पोचली. चित्र निघालं ते राण्यांचं.

बायको बराच वेळ पाण्यातल्या पाणकोळ्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘त्या पोरीला कुणी विचारलं असेल का रे, तिंडी आयता म्हणून?’