आजचं चिंतन : मोठ्यांना खरं कसं सांगावं? (गीता १७.१५)



छावणीतल्या शाळेत नववीत असताना आम्ही स्नेहसंमेलनात नाथमहाराजांचं भारूड बसवलं. नियोजन माझ्याकडे. पडद्याला मित्राचे काका. "पडदा तर ओढायचाय, त्याला कसली तालीम?" म्हणत ते आलेच नाहीत. मोठ्यांना कसं सांगायचं, म्हणून मी गप्प; मित्रांत मात्र त्यांच्या नावाने बोटं मोडली. कार्यक्रमात पडदा भारूड अर्ध्यावर असतानाच पडला. काका ओशाळून म्हणाले, "तू काही बोलला नाहीस. वाटलं, तुलाही पटलंय."

वाणीच्या तपाला गीता चार कसोट्या लावते: बोलणं उद्वेग न देणारं, सत्य, प्रिय आणि हिताचं हवं. मी उद्वेग टाळताना सत्य आणि हितही टाळलं. त्याला आदर म्हणत होतो, पण ती भीती होती. आदर असता तर पाठीमागे बोललो नसतो.

लहानाने मोठ्याला सांगू नये, असंही नाही. वयोवृद्ध चांगदेवांनी कोवळ्या मुक्ताबाईंना गुरू मानलं, असं परंपरा सांगते.

आज टीममधल्या सीनियरमुळे काम अडलं, की तो पडदा आठवतो. मग त्यांना एकटं गाठून म्हणतो, "सर, हे तुमच्याशिवाय अडलंय."

तुमचं कोणाला सांगायचं राहिलंय?