उंची असतानाच द्यावी हाक

इंजिन नसलेले ग्लायडर वर चढणाऱ्या हवेच्या आधाराने तरंगते. तो आधार संपला की धावपट्टी जवळ असो वा नसो, खाली उतरावेच लागते. शेतात किंवा माळावर उतरणे हा या खेळाचा नेहमीचा भाग. ग्लायडर परत आणायला सोबती ट्रेलर घेऊन जातात. न्यूझीलंडमधील ओमारामा या ग्लायडिंग केंद्राच्या पश्चिमेला मात्र सदर्न आल्प्सच्या दऱ्या आहेत. तिथे सपाट जागा थोड्या आणि वस्ती विरळ. अशा मुलखात रेडिओवर केव्हा बोलावे, हा प्रश्न कौशल्याइतकाच कर्तव्याचाही आहे.

विमानातील व्हीएचएफ रेडिओ दृष्टिरेषेत चालतो. मोकळ्या मुलखात १०,००० फुटांवरून त्याचा संदेश २०० किलोमीटरपर्यंत पोचू शकतो. १,००० फुटांवरून सुमारे ७० किलोमीटर. मध्ये डोंगर आला तर तेवढाही नाही. त्यामुळे उतरल्यावर कळवू, असे ठरवणाऱ्याचा आवाज दरीतच अडकतो.

म्हणून पहिला संदेश कड्यांच्या खाली जाण्याआधी द्यावा: आपण कोण, कुठे, किती उंचीवर, कोणत्या दरीकडे वळत आहोत आणि उतरल्यावर किती वेळात खुशाली कळवू. वर उडणारे दुसरे ग्लायडर तो पुढे पोचवू शकते. पुन्हा उंची मिळाली तर संदेश मागे घ्यायला एक वाक्य पुरते. सुरक्षित जागा दिसत नसेल तर ‘पॅन-पॅन’, जीव धोक्यात असेल तर ‘मेडे’ म्हणावे. साधारण १,००० फुटांखाली मात्र सारे लक्ष उतरण्याकडेच हवे.

उपग्रहाला संकेत देणारे ४०६ मेगाहर्ट्झचे यंत्र जवळ असावे, कारण जुन्या यंत्रांचे १२१.५ मेगाहर्ट्झचे संकेत उपग्रह १ फेब्रुवारी २००९ पासून टिपत नाहीत. पण यंत्र आदळून निकामी होऊ शकते. ते असले तरी आधीच्या संदेशाची गरज उरतेच.

संदेश नसला तर शोध किती कठीण होतो, ते एका जाणत्या वैमानिकाच्या बाबतीत दिसले. २००६ मध्ये स्टीव्ह फॉसेट यांनी आइनार एनेवोल्डसन यांच्यासह ग्लायडर ५०,००० फुटांच्या वर नेले होते. ३ सप्टेंबर २००७ रोजी फॉसेट नेवाडातून एका इंजिनाच्या छोट्या विमानाने एकटे निघाले आणि परतलेच नाहीत. उड्डाणाचा आराखडा दिलेला नव्हता, संकटाचा संदेशही कुणाला मिळाला नाही. शोधपथकांनी विस्तीर्ण डोंगराळ वाळवंट पिंजून काढले. विमानाचे अवशेष ऑक्टोबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डोंगरात सापडले. हाकेने त्यांचा जीव वाचला असता असे म्हणता येत नाही, पण शोधणाऱ्यांना दिशा मिळाली असती.

शोधणाऱ्यांचाही जीव असतो आणि तेही त्याच डोंगरांत, त्याच वाऱ्यात उडतात. स्वतःच्या अभिमानासाठी त्यांना अंधारात ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही. हाक देण्याचा संकोच बहुधा हसे होण्याच्या भीतीतून येतो. ती भीती घालवणे क्लबमधील ज्येष्ठांच्या हाती आहे: अनावश्यक ठरलेल्या संदेशाबद्दल त्यांनी नवख्याला कधीही खजील करू नये.